बोनेट उघडू का, दाजी?

साल दोन हजार पंचवीस. मला एकाहत्तरावं चालू आहे, शालिक, आणि तू अठ्ठावन्नवर थांबलास. माझ्याहून तेरा वर्षांनी धाकटा. माझ्या तिरडीच्या गाठी तू मारायच्या हे आपल्यात ठरलेलंच होतं. मी तसं बोलूनही दाखवायचो, "गाठ नीट मार, ढिली वाटली तर उठून पुन्हा बांधेन." तू हातातला पाना माझ्यावर रोखून म्हणायचास, "दाजी, तुम्ही मेल्यावरसुद्धा दुसऱ्याचं काम पास करायचे नाही."

तू जाऊन अजून महिना झाला नाही. सुरतेतल्या आपल्या खानदेशी मंडळाची पोरं आली होती. म्हणाली, स्मरणिकेत शालिकभाऊंवर एक लेख घालायचाय, दाजी, तुम्हीच लिहा. तुझं गाव, जन्म, मागे कोण कोण, हे सगळं त्यांनी छापायला दिलंच आहे. मला म्हणाली, तुम्ही आठवणी लिहा. मी चौथी पास, तीही मास्तर दयाळू होता म्हणून. पण लिहितो. आठवणी पुष्कळ आहेत. त्यातली एक सोडून बाकीच्या लिहिल्या तर सगळ्याच खोट्या होतील, म्हणून तीही लिहिणार. पोरांना सांगून ठेवलंय, त्यातली एक ओळ काढाल तर सगळा लेख काढा.

तुझ्या बहिणीशी माझं लग्न झालं तेव्हा तू आठ-नऊ वर्षांचा. सुमनचा पदर धरून आमच्या बैलगाडीत चढून बसलास, आणि तुला उतरवायला तिघे लागले. पुढे एकोणीसचा झालास तेव्हा सुरतला आलास. पांडेसऱ्यात तुला कापडाच्या लूमवर लावून दिलं. महिन्याभरात माझ्या गॅरेजच्या दारात उभा. "दाजी, माले लूमवर नही जानं. तठे कान फुटतस." मी म्हटलं, इथे हात फुटतील. तू दोन्ही हात पुढे केलेस. तेच हात मग माझ्या शेजारी राहिले, बमरोलीच्या त्या पत्र्याखाली, इतकी वर्षं.

भांडलो किती! आपलं भांडण पाण्यावरचं. गाडी तापते म्हणून कोणी आलं की मी पहिल्यांदा थर्मोस्टॅट काढून फेकायचो. आम्ही त्याला वॉल म्हणतो. इंजिन गार असेतोवर तो पाण्याची वाट अडवतो, तापलं की उघडतो. आपल्या मुलखात थंडी कुठे पडते? वॉल त्या बर्फाच्या देशातल्या गाड्यांना. मला माझ्या उस्तादाने हे सांगितलं, त्याला त्याच्या उस्तादाने. तू सुरुवातीला ऐकून घ्यायचास. मग कुठे कुठे वाचायला लागलास, कंपनीच्या शिबिराला जाऊन आलास, आणि म्हणायला लागलास, "दाजी, वॉल काढून गाडी बरी होत नाही, दुखणं झाकतं. गावात फिरताना तापमानाचा काटा खाली राहतो, आपल्याला वाटतं बरं आहे. आत काय चाललंय ते कोण सांगणार?"

"मी सांगणार," मी म्हणायचो. "हा हात सांगतो. हे नाक सांगतं."

कूलंटचंही तेच. मी बोअरचं पाणी ओतायचो, तू हिरवं-लाल कूलंट आणायचास. मी म्हणायचो, "घे, आला सरबतवाला. गाडीला काय पाहुणी आलीय का?" तू म्हणायचास, "मी सरबत पाजतो, तुम्ही गंज पाजता." आणि फुटलेला जुना रेडिएटर उचलून उलटा करायचास. त्यातून विटकरी गाळ पडायचा माझ्या पायाशी. मी चपला झटकून निघून जायचो. हे भांडण मिटलं नाही. मिटवायची कोणाला घाई होती? आपल्याला वाटलं, वेळ आहे.

पण तुझ्या एका गोष्टीबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही, ती इथे सांगतो. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला ते वर्ष. मी ऑपरेशनला जात नव्हतो आणि दिसत नाही हे कबूलही करत नव्हतो. एक कापडवाला शेठ आला, मोठी गाडी घेऊन. "काका, पाणी क्यां जाय छे? नीचे तो एक टीपुंय नथी." आठवड्याला बाटलीभर पाणी कमी, जमिनीवर थेंब नाही. मी रेडिएटर बघितला, होजपाइप बघितले, वॉटर बॉडीखाली, म्हणजे पाण्याच्या पंपाखाली, बोट फिरवलं. सगळं कोरडं. खरं म्हणजे मला दिसतच नव्हतं. शेठ घड्याळ बघत होता. तू डाव्या सीटखालचं मॅट उचललंस आणि मोठ्याने म्हणालास, "दाजी, तुम्ही मघाशी म्हणालात तसंच आहे. हीटरची जाळी गळतेय, मॅटखाली सगळं ओलं."

मी मघाशी काही म्हटलं नव्हतं.

शेठ म्हणाला, "वाह काका, नजर छे बाकी!" मी मान हलवली. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, लगेच डॅशबोर्ड खोलायला बसलास. त्या वर्षी असं कितीदा झालं. "दाजी, इथे बोट ठेवा." मी ठेवायचो, तिथेच गळती असायची. गिऱ्हाइकाला वाटायचं म्हाताऱ्याच्या बोटात जादू आहे. मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं. तिथे घात झाला. तू माझी लाज राखत गेलास आणि मी ते माझं कसब समजत गेलो.

आता गॅरेजची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपल्याकडे ज्याने बोनेट बंद केलं त्यानेच ते उघडायचं. रीत मी लावलेली. सुरुवातीला एका गाडीला दोघांचे हात लागले होते. एकाला वाटलं बोल्ट दुसऱ्याने आवळला, दुसऱ्याला वाटलं पहिल्याने. उधन्यापर्यंत जाता जाता गाडीने सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं. तेव्हापासून एक गाडी, एक हात. दुसऱ्याला शंका आली तर त्याने विचारायचं, पहिला हो म्हणाला तरच उघडायचं. चांगली रीत होती, तिने आपलं नाव राखलं. पण तू बंद केलेलं बोनेट मी कितीदा न विचारता उघडलं. मी बंद केलेलं तू एकदाही उघडलं नाहीस. मी बहिणीचा नवरा. खानदेशात दाजीसमोर माणूस भांडतो, तोंडावर सुनावतो, पण हात शेवटी दाजी म्हणेल तसाच चालवतो. तू तसाच होतास.

एप्रिलात तुझ्या स्वतःच्या गाडीचं पाणी जायला लागलं. ती जुनी पांढरी आठ सीटर. रेडिएटरशेजारची पाण्याची बाटली आठ दिवसांत खाली. जमीन कोरडी, मॅट कोरडं, ऑइल स्वच्छ. तू तीन सकाळी गार इंजिनचा वरचा होजपाइप दाबून बघितलास आणि मला म्हणालास, "रात्रभर उभी होती, तरी पाइप कडक आहे. पाणी बाहेर जात नाही दाजी, आत जातंय. हेड गास्केट." म्हणजे इंजिनचं डोकं आणि धड यांच्या मधलं ते पातळ पान जळलंय आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतंय.

मी म्हटलं, धूर कुठे आहे मग? पांढरा धूर दाखव.

"या उन्हात वाफ दिसते होय?" तू म्हणालास. आणि मला पटवायला तू काय केलंस, तर रेडिएटरचं झाकण काढून त्याच्या तोंडावर फुगा बांधलास. लाल फुगा. गाडी चालू केलीस. फुगा हळूहळू फुगायला लागला. समोरचा टायरवाला, पलीकडचा पानवाला, सगळे गोळा झाले. तू म्हणालास, "बघा दाजी, सिलिंडरची हवा पाण्यात येतेय."

मी म्हटलं, "वाढदिवस आहे का गाडीचा? केक कुठाय?" सगळे हसले. मग मी स्क्रूड्रायव्हरने तो फुगा फोडला.

तुझं तोंड मला अजून दिसतं. तू रागावला नव्हतास. फुग्याचं रबर रेडिएटरच्या गळ्यावरून सोडवत बसला होतास, नीट, एकेक वेढा.

मी म्हटलं, पाणी भरताना आत हवा अडकलीय, तीच निघतेय. मी स्वतः वॉल काढला, नवं झाकण बसवलं, पाणी भरलं. बाटलीवर काळ्या पेनने रेघ मारली. आणि बोनेट बंद केलं. "लग्नाला चाललायस ना नंदुरबारकडे? जा. परत आलास की हे बोनेट मी उघडीन. रेघ खाली गेली असेल तर तू खरा, नसेल तर मी. तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही." टायरवाला म्हणाला, "शालिकभाऊ, ही तर पैज झाली." तू म्हणालास, "पैज कसली? दाजींनी बंद केलंय." एवढंच.

लग्नाचं वऱ्हाड तिकडे सोडून तू एकटा परत निघालास. मे महिना, दुपार. मी एका गिऱ्हाइकाची गाडी खोलून बसलो होतो. गिऱ्हाईक नवं होतं, आमचं नाव ऐकून वराच्छाहून आलेलं, बाजूला खुर्चीवर बसलेलं. हात काळे होते म्हणून तुझा फोन मी कोपराने चालू करून स्पीकरवर टाकला.

"दाजी, मी बारडोली सोडली. रस्त्याच्या कडेला उभा आहे. घरून मंगलाचा फोन आला होता आत्ता, तिला सांगितलं सहापर्यंत पोचतो. तुम्हाला एक विचारायचं होतं."

"बोल."

"काटा वर गेला होता, पार लाल रेघेपर्यंत. मी बाजूला घ्यायच्या आत खाली आला."

"खाली आला ना? मग?"

"एकदम आला दाजी. टपकन. पार गारवर."

"हवा होती, निघून गेली. सांगितलं होतं ना मी?"

तुझ्या मागून ट्रक जात होते, त्यांचा आवाज येत होता. मग म्हणालास, "हीटर लावून बघितला. गार हवा येतेय."

शालिक, ही परीक्षा मीच तुला शिकवली होती, तुझ्या पहिल्या वर्षी. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच काटा खरं बोलतो. पाणी संपलं की त्याचं टोक कोरड्यात लटकतं आणि इंजिन भट्टी झालेलं असतानाही गार दाखवतं. म्हणून काटा एकदम पडला तर आनंद मानू नये, हीटर लावावा. गरम हवा आली तर पाणी आहे. गार आली तर पाणी संपलं, गाडी तिथेच बंद करावी, एक पाऊलही पुढे नेऊ नये. मी हे हजार लोकांना सांगितलंय.

आणि तू मला सांगितलंस, गार हवा येतेय.

मला तिथेच शंका आली. ते मी नाकारत नाही. पण तेवढ्यात खुर्चीवरचा तो माणूस हसला. म्हणाला, "मे महिनामां हीटर? काका, तमारो माणस तो गजबनो छे!" आणि मीही हसलो. त्याच्याबरोबर हसलो. त्याला दाखवायला म्हटलं, "अरे शालिक, गार हवा येतेय तर मजा कर ना. उन्हाळ्यात फुकटचा एसी."

तू हसला नाहीस. विचारलंस, "बोनेट उघडू का, दाजी?"

मी म्हटलं, "मी बंद केलंय ना? ये निवांत."

"बरं दाजी."

तुझ्या त्या फोनची वेळ माझ्या फोनात अजून आहे. तीन वाजून बावन्न मिनिटं. कडोदऱ्याच्या अलीकडे, भर वेगात, इंजिन आतून जाम झालं. गाडी रस्त्यात खिळा ठोकल्यासारखी जागेवर थांबली, आणि मागच्या ट्रकवाल्याला वेळच मिळाला नाही. त्याचा काय दोष? चार-सव्वाचारची वेळ असेल. मला फोन आला तेव्हा साडेपाच झाले होते आणि मी त्या नव्या गिऱ्हाइकाचं बोनेट बंद करत होतो.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो.

तुझा फोन तुझ्या सीटखाली सापडला, चुरा झालेला. कोणी तरी म्हणालं, बोलत असेल. मंगलाने ते ऐकलं. ती सगळ्या बायांसमोर म्हणाली, "मीच फोन केला व्हता. पावणेचारले मीच केला व्हता." बस. तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून चाळीत एकच बोलणं, बायकोच्या फोनने नवरा गेला. बाया तिच्याजवळ बसायला यायच्या आणि जिन्यात उतरताना हेच बोलायच्या. तिने जेवण टाकलं. सुमन तिच्याकडे राहायला गेली. मी रोज दोन वेळा जायचो, तुझ्या घरात बसायचो, जेवायचो. मंगला भिंतीला टेकून एकच विचारायची, "मी फोन नसता केला तर?" सुमन म्हणायची, नशीब गं. मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं दाजी दुःखात आहे.

दुःखात होतोच. पण मी गप्प होतो ते दुःखाने नाही. मला वाटत होतं, एकदा हे बोललो की नथ्थू मिस्त्री संपला. एवढ्या वर्षांचं नाव. आणि माझी बायको, तुझी बहीण, ती माझ्याकडे कशी बघेल? एका बाईच्या जिवावर मी माझं नाव वाचवत होतो, आणि ते मला कळत होतं. रोज कळत होतं.

बाराव्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, मंडप भरला होता. बारडोलीहून, कडोदऱ्याहून, गावाकडून माणसं आली. मंडळाचे आण्णा माइकवर उभे राहिले. चांगलं बोलले तुझ्याबद्दल. मग म्हणाले, "माझी सगळ्या आयाबहिणींना विनंती आहे, माणूस गाडीवर असताना घरून फोन करू नका. एका फोनपायी आपला हिरा गेला." बायांच्या बाजूला मंगला डोक्यावर पदर घेऊन बसली होती. पदर हललासुद्धा नाही. तिच्या आजूबाजूच्या बाया थोड्या सरकल्या, असं मला दिसलं. आता मला दिसतं, ऑपरेशन झालंय.

मग म्हणाले, आता शालिकचे गुरू, आपले दाजी, दोन शब्द बोलतील.

माइक माझ्या हातात आला, शालिक. समोर तीनशे माणसं. मी म्हणालो, "शालिक हाडाचा कारागीर होता. माझ्या हाताखाली तयार झाला." आणि खाली बसलो. तुझ्या श्रद्धांजलीतसुद्धा मी माझा हात घातला.

पंगत उठल्यावर मी घरी गेलो नाही. पोलिसांनी दोन दिवसांपूर्वी गाडी सोडली होती, ती गॅरेजच्या मागे आणून टाकली होती. मागचं सगळं चेपलेलं, पुढचं साबूत. मी ते बोनेट उघडलं. बाटली कोरडी. माझी काळी रेघ बाटलीच्या अंगावर तशीच, आणि तिच्याखाली पाण्याचा डागसुद्धा नाही. तेवढ्यावर मला सोडता आलं असतं. पण मी मनाला अजून एक वाट ठेवली होती, की पाइप फुटला असेल, वाटेत दगड लागून रेडिएटर गेला असेल. मग दोष दगडाचा. पाइप बघितले, रेडिएटर बघितला, सगळं धड. तेव्हा हेड उतरवायला घेतलं. ज्या कामाला आपण दोघे बसायचो त्याला मी एकटा बसलो. बोल्ट सोडवायला पाय लावावे लागले. चार तास गेले.

गास्केट दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये बोटभर जळून काळं पडलं होतं. बाकीचे तीन पिस्टन काजळीने काळे, आणि तिसऱ्यातला चकचकीत, घासून ठेवलेल्या ताटासारखा. तुला सांगायला नको. पाणी आत उतरून वाफेने पिस्टन धुतला की तो असा होतो, आणि एका दिवसात होत नाही. महिना लागतो. म्हणजे तू होजपाइप दाबलास तेव्हाही हेच होतं. तू फुगा बांधलास तेव्हाही हेच होतं.

मी तिथे जमिनीवर बसलो. एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती, ती मोठ्याने म्हटली. "तू खरा होतास." पत्र्याखाली कोणी नव्हतं. असं म्हणणं किती सोपं असतं, कोणी नसताना!

भंगारवाल्याला मी आदल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, सकाळी येऊन सगळी गाडी उचलून ने. त्याने ती उचलून नेली की पिस्टन गेला, गास्केट गेलं, रेघ गेली. माझ्याविरुद्ध सांगणारं काही उरलं नसतं. तुझ्यासारखा माणूस असता तर त्याने हेही झाकलं असतं माझ्यासाठी, मॅट उचलून काहीतरी दुसरंच दाखवलं असतं. पण तू नव्हतास.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. अंघोळ केली आणि तुझ्या घरी गेलो. सुमन चूल लावत होती, म्हणजे गॅसच, पण ती अजून चूलच म्हणते. मंगला तिच्या जागेवर भिंतीला टेकून. मी खाली बसलो. म्हटलं, "मंगला, त्याचा शेवटचा फोन तुझा नव्हता. माझा होता. तुझा फोन झाल्यावर त्याने मला केला. गाडी कडेला उभी करून केला. गाडी तापली होती. त्याने विचारलं, बोनेट उघडू का. मी नको म्हटलं." फोन काढून तिच्यासमोर ठेवला, त्यातली वेळ दाखवली.

ती वाचत राहिली. तिला आकडे वाचायला वेळ लागतो, तुला माहीत आहे. मग विचारलं, "तो चिडेल व्हता का?"

"नाही. बरं दाजी म्हणाला."

सुमनने गॅस बंद केला. ती मोठ्याने बोलली नाही. म्हणाली, "बारा दिवस तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आणि तुम्ही तिच्या समोर बसून भाकरी मोडत होतात." एवढं बोलून ती आत गेली. पन्नास वर्षं होत आली लग्नाला. ती अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि तुला सांगतो शालिक, मी त्यावर एक शब्द काढलेला नाही.

मी मंगलाला म्हटलं, तू म्हणशील ते मी करीन. तिने फोन माझ्याकडे सरकवला.

"माले सांगीसन काय व्हई, दाजी? मी तर घरमाच बठेल शे. चाळमा सांगा."

मी उठलो. चपला घातल्या. तुमच्या मजल्यावर दहा खोल्या, खालच्या मजल्यावर दहा. पहिल्या दाराची कडी वाजवली. बाई बाहेर आली, म्हणाली, "या दाजी, बसा, चहा टाकते." मी म्हटलं, "बसत नाही. नवऱ्याला बोलाव, दोघांनी ऐका." दोघं आली, त्यांना सांगितलं. मग दुसऱ्या दाराची कडी वाजवली.